एका भिंतीपुरतं जुनं घर

कायद्याचं राज्य ही माणसाने शोधून काढलेली सर्वांत उदात्त गोष्ट आहे, असं मी सान लुसिओ हायस्कूलमध्ये बारावीच्या मुलांना गेली सव्वीस वर्षं शिकवत आलो आहे. चाकाचा शोध ठीक, छपाईचाही ठीक. पण चार माणसांनी एकत्र बसून एक नियम लिहावा आणि पाचव्याने तो मुकाट्याने पाळावा, याहून मोठं काही नाही. हे वाक्य मी दर ऑगस्टमध्ये पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो. गेल्या ऑगस्टमध्येही लिहिलं. त्या दिवशी माझ्या मागच्या अंगणात एक भिंत निळ्या ताडपत्रीखाली झाकलेली होती, आणि ती पालिकेच्या कोणाला दिसू नये म्हणून ताडपत्रीपुढे मी टोमॅटोच्या कुंड्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या.

या भिंतीचं मूळ कारण माझ्या सासूबाई.

आमची मुलगी बोलायला लागल्यापासून सगळं घर त्यांना पोपो म्हणतं, म्हणजे चिनीत आईची आई. मीही म्हणतो. त्या मला रसेलऐवजी आ-सेल म्हणतात. वय एक्क्याऐंशी. खाडीपलीकडे शहरात तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. दोन वर्षांत त्या जिन्यात दोनदा पडल्या. दुसऱ्या वेळी तर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन तासभर पायरीवरच बसून राहिल्या, कारण कोणाला हाक मारणं म्हणजे तमाशा. माझी बायको लोरेन त्यांना आमच्याकडे या म्हणून सहा वर्षं विनवत होती. अंगणातलं जुनं गराज पाडून तिथे त्यांच्यासाठी एक खोली, मोरी आणि स्वयंपाकघर बांधायचं, असा बेत होता. शेवटी एका रविवारी चहाच्या दुकानात, टेबलावर उकडलेल्या पदार्थांच्या वाफाळत्या टोपल्या असताना, पोपोंनी होकार दिला.

"येते," त्या म्हणाल्या. "पण आग पाहिजे."

"आग म्हणजे?" मी विचारलं.

"आ-सेल, तू शिकलेला माणूस ना? आग म्हणजे आग. निळी, डोळ्यांना दिसणारी. गॅस नसेल तर मी जिन्यातच बरी."

मला ही अट अगदीच किरकोळ वाटली. लोकांच्या सासवा काय काय मागतात. मी उदारपणे मान हलवली आणि शेवटचा कोळंबीचा मोदक त्यांच्या बशीत ठेवला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी त्या टेबलावर विसरलो होतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या कौन्सिलने एकमताने ठराव केला की यापुढे सान लुसिओत नव्या इमारतीला गॅसची पाइप मिळणार नाही. हवा तापते आहे, समुद्र चढतो आहे. तर निदान नवी घरं तरी विजेवर चालावीत. ठराव उत्तमच होता. तो झाला त्या संध्याकाळी लोकशाही प्रत्यक्ष दाखवायला मी माझा अख्खा वर्ग सभागृहात नेला होता. साप्ताहिकात फोटोही आला. त्यात पहिल्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवणारा माणूस मी आहे.

हा फोटो आमच्या डावीकडच्या शेजारीण मार्गो विंटरसन यांच्या फ्रिजवर आजही लावलेला आहे. मार्गोबाई गावच्या हवामान समितीच्या अध्यक्ष. त्यांच्या हिरवळीवर पाटी आहे: "हे घर पूर्णपणे विजेवर चालतं. मला विचारा." उजवीकडे डेल ऑस्ट्रँडर राहतात. तीस वर्षं गॅसच्या पाइपा टाकून निवृत्त झालेले. मार्गोबाईंची पाटी लागल्यावर आठ दिवसांनी त्यांच्या हिरवळीवर दुसरी पाटी लागली: "मला विचारू नका." या दोन पाट्यांच्या मधोमध माझं घर आहे.

मार्गोबाईंना कुणकुण लागताच त्या आपली विजेची सपाट शेगडी घेऊन आल्या. काळी चकचकीत काच. पोपो त्या दिवशी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी त्या काचेकडे बराच वेळ संशयाने पाहिलं.

"हा टीव्ही आहे का?"

"शेगडी आहे, पोपो," लोरेन म्हणाली.

पोपोंनी आपली कढई तिच्यावर ठेवली. चाळीस वर्षांची, काळी, गोल बुडाची कढई. सपाट काचेवर ती एकदा डावीकडे कलली, एकदा उजवीकडे कलली आणि शेवटी मार्गोबाईंकडे तोंड करून थांबली.

"सपाट बुडाची कढईही मिळते हो आता," मार्गोबाई गोड आवाजात म्हणाल्या.

लोरेनने भाषांतर केलं नाही. पोपोंना कळायचं ते कळलं. "गोल बुडाचं माणूसही मिळतं म्हणावं," एवढंच त्या म्हणाल्या आणि कढई पिशवीत घातली.

तेव्हा मी पालिकेत गेलो.

परमिटच्या खिडकीवर मिसेस पिलापिल बसतात. चष्मा साखळीला, शेजारी घरून आणलेल्या भाताचा डबा, आणि चेहऱ्यावर अशी माया की नकारसुद्धा आशीर्वादासारखा वाटावा. माझ्या वर्गातल्या दोन पोरी त्यांच्याच, त्यामुळे त्या मला 'सर' म्हणतात. हे मला आवडतं. पण त्या खिडकीत 'सर' हा शब्द फार काळ टिकत नाही.

"नवीन इमारत की जुनी, सर?"

"गराज पाडून खोली बांधायची आहे."

"म्हणजे नवीन. गॅस नाही."

"आणि गराज पाडलं नाही तर?"

त्यांनी चष्मा वर केला. "पूर्ण नाही पाडलं तर ते नूतनीकरण. नूतनीकरणाला हा ठराव लागू नाही."

"पूर्ण नाही, म्हणजे किती?"

"सल्ला देण्याची मला परवानगी नाही, सर."

"मी सल्ला मागत नाही. व्याख्या मागतोय."

"व्याख्येत असं आहे की मूळची एक भिंत जागेवर उभी असेल तर इमारत अस्तित्वात आहे." त्यांनी आजूबाजूला पाहून आवाज खाली केला. "माझ्या दिराचं अख्खं घर एका भिंतीवर अस्तित्वात आहे."

घरी येऊन मी आमचे कॉन्ट्रॅक्टर एफ्राइन सोलिस यांना हे मोठ्या गुपितासारखं सांगितलं. त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्याने नदीकाठी येऊन सांगावं की पाणी ओलं असतं.

"मास्तर, या गावात मी बावीस वर्षं एक-एक भिंत वाचवतोय. कुठली ठेवायची तेवढं बोला."

आम्ही चारही भिंती पाहिल्या. पूर्वेकडची कुजलेली. पश्चिमेला दारच होतं. दक्षिणेकडची एफ्राइननी हाताने ढकलून पाहिली आणि हात पलीकडे गेला. उरली उत्तरेकडची. तिला वाळवी लागलेली होती, पण एफ्राइन म्हणाले की वाळवीने एकमेकांचे हात धरलेत, तेवढ्यावर ती तीन महिने काढील.

पुढच्या आठवड्यात गराज गेलं आणि अंगणात ती भिंत एकटी उभी राहिली, तीन तिरक्या खांबांवर टेकून. तिच्यावर जुन्या सायकलचा आकडा होता आणि कोणी तरी कधी तरी लिहिलेला एक टेलिफोन नंबर. इतकी केविलवाणी वस्तू मी पाहिलेली नाही. आणि माझ्या सासूबाईंचा जिना, माझ्या बायकोची झोप आणि माझी पत, तिन्ही तिला टेकलेली होती.

सल्ले सुरू झाले. डेल कुंपणावरून म्हणाले, "रसेल, तुला ही भिंत लागणारच नाही. कोर्ट उडवणार आहे तो ठराव. थांब तू."

"किती दिवस?"

"कोर्ट आहे ते. पिझ्झा आहे का अर्ध्या तासात यायला?"

डेल अगदीच हवेत बोलत नव्हते. आमच्यासारखाच ठराव आधी शेजारच्या एका गावाने केला होता, आणि हॉटेलवाल्यांच्या संघटनेने त्या गावाला कोर्टात खेचलं होतं. हॉटेलवाल्यांचं म्हणणं, कुठल्या शेगडीने किती इंधन जाळायचं हा विषय पन्नास वर्षांपूर्वीच केंद्राच्या कायद्याने वॉशिंग्टनकडे दिलेला आहे, गावांनी त्यात तोंड घालू नये. गावाचं म्हणणं, आम्ही शेगडीला हातही लावलेला नाही. शेगडी खुशाल ठेवा, आम्ही फक्त पाइप बंद केली. त्यावर हॉटेलवाले म्हणाले, पाइपेविना शेगडी म्हणजे काय, शोभेची वस्तू? तीन न्यायाधीशांना हे पटलं. गावाने मग फेरसुनावणीसाठी आणखी न्यायाधीश मागितले. आमच्या गावचे वकील त्या निकालाचा अभ्यास करत होते.

"म्हणजे आपल्याकडे बंदी आहे की नाही?" मी मिसेस पिलापिलना विचारलं.

"अर्ज घेताना आहे, सर. बाकीच्या वेळचं मला सांगता येणार नाही."

शिक्षकाची खोड वाईट. मी हा प्रश्न वर्गात चर्चेला टाकला. अर्थात नाव न घेता: "समजा एका नागरिकाने फक्त ठराव टाळण्यासाठी एक भिंत उभी ठेवली. हे कायद्याचं पालन की कायद्याची थट्टा?" पाऊण तास उत्तम चर्चा झाली. मतदान घेतलं. अकरा जण म्हणाले पालन, एकोणीस म्हणाले थट्टा. मग शेवटच्या बाकावरून एका मुलीने शांतपणे विचारलं, "मिस्टर क्वान, टोमॅटो आले का?" मिसेस पिलापिलांची धाकटी.

एकोणीस विरुद्ध अकरा ही गोष्ट मला लागली. मी घरी आलो आणि ठरवलं की लपवाछपवी पुरे. सरळ पालिकेलाच विचारावं. पालिकेच्या वेबसाइटवर लिहायची सोय आहे. मी दीड तास बसून एक मुद्देसूद प्रश्न लिहिला: उत्तर बाजूची भिंत, वाळवी, तीन खांबांचा आधार, मागे नवा पाया, अशा परिस्थितीत ती इमारत कायद्याच्या दृष्टीने जुनी ठरेल काय? उदाहरणादाखल म्हणून आमच्या गल्लीचं नावही दिलं, कारण वर्गात मी नेहमी सांगतो, उदाहरण ठोस असावं. साइटवर 'प्रश्न' असा रकानाच नव्हता. तक्रार, अभिनंदन, रस्त्यातला खड्डा आणि 'इतर' एवढेच होते. मी 'इतर' निवडलं. नाव द्यायचं का, असं विचारलं होतं. तत्त्वाच्या प्रश्नात व्यक्ती कशाला आणायची, म्हणून नाव दिलं नाही. उत्तर आलं नाही. मी ते विसरूनही गेलो.

तीन आठवड्यांनी भिंतीवर लाल कागद चिकटला. "निनावी तक्रारीवरून काम थांबवण्यात येत आहे. इमारत जुनी असल्याबद्दल संशय."

त्या कागदाने माझ्या स्वभावात जो बदल केला, तो सांगायला मला संकोच वाटतो. मी गेली सव्वीस वर्षं मुलांना सांगतो की शेजाऱ्यावर विश्वास हा प्रजासत्ताकाचा पाया आहे. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातला दिवा मालवून पडद्याआडून मार्गोबाईंच्या खिडकीकडे पाहत उभा होतो.

"काय करतोयस?" लोरेनने विचारलं.

"ती रोपांना पाणी घालतेय."

"मग?"

"कालही घातलं होतं. रोज इतकं पाणी कोणत्या रोपाला लागतं? आपलं अंगण दिसतं तिथून."

"रसेल, तिची रोपं आहेत ती."

"तू तिची बाजू घेतेयस," मी म्हणालो. मग माझ्या मनात जो विचार आला तो मी लगेच परतवला. पण आला होता खरा. या घरात भिंतीबद्दल सगळं माहीत असलेली माझ्याखेरीज एकच व्यक्ती होती.

मार्गोबाई दुसऱ्या दिवशी स्वतःच केळ्याचा केक घेऊन आल्या. "रसेल, आम्ही कोणीही तुला नावं ठेवत नाही," त्या म्हणाल्या. माणूस असं कधी म्हणतो, हे मी जाणतो. केक मी खाल्ला नाही. लोरेनने खाल्ला, आणि तेही मी मनात टिपून ठेवलं.

डेलबद्दलचा संशय जरा उशिरा आला. वरवर ते माझ्या बाजूचे. पण भिंत पडली आणि मी रीतसर भांडलो, तर कोर्टात दाखवायला त्यांना एक पीडित नागरिक फुकट मिळत होता. "तू दावा लाव रे, मी साक्ष देतो," असं ते फार वेळा म्हणायचे, तेही फार आनंदाने.

मग मी सापळा लावला. गुप्तहेर असंच करतात, असं ऐकून होतो. मार्गोबाईंना सहज बोलता बोलता सांगितलं की भिंत एकोणीसशे अठ्ठेचाळीसची आहे. डेलना सांगितलं, एकावन्नची. एफ्राइनना सांगितलं, त्रेपन्नची, आणि लोरेनला (मला माफ करा) छप्पन्नची. तक्रारीच्या फाइलमध्ये पुढे कोणतं साल येतं ते पाहायचं. आलं काहीच नाही. एवढंच झालं की रविवारी कुंपणापाशी मार्गोबाई आणि डेल तीन वर्षांत पहिल्यांदा एकमेकांशी बोलले, आणि विषय होता की क्वानला हल्ली काही तरी होतंय.

त्याच आठवड्यात पोपो तिसऱ्यांदा पडल्या. दुपारी, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. डावं मनगट मोडलं. आम्ही पोचलो तेव्हा हात प्लास्टरमध्ये, आणि त्या डॉक्टरला समजावत होत्या की कढई उजव्या हाताने धरतात, तेव्हा काळजीचं कारण नाही.

परतताना गाडी लोरेन चालवत होती. पुलाच्या मध्यावर आल्यावर म्हणाली, "तू भिंतीचं बघणार आहेस की शेजाऱ्यांचं?"

"तक्रार कोणी केली ते कळल्याशिवाय..."

"चौथ्यांदा पडली ना रसेल, तर मी साल नाही विचारणार."

लोरेनला खोटं साल सांगितलं होतं हे तिला कळलेलं होतं तर.

दुसऱ्या दिवशी मी नागरिकाचं शेवटचं शस्त्र काढलं. सरकारी कागद पाहण्याचा हक्क या राज्यात प्रत्येकाला आहे. त्यावर माझा एक स्वतंत्र धडाच आहे. रीतसर अर्ज केला. दहा दिवसांनी मिसेस पिलापिलनी खिडकीतून एक कागद सरकवला. तक्रारदाराच्या नावाच्या जागी काळी पट्टी होती. खाली मजकूर. मी तो उभ्याउभ्या वाचला.

मजकूर उत्तम होता. मुद्देसूद, संयत, स्वल्पविराम जागच्या जागी. "तीन खांबांचा आधार" हे शब्द वाचताना मला कोणाची तरी शैली ओळखीची वाटली. "उदाहरणादाखल" या शब्दापाशी माझे कान तापले.

"मिसेस पिलापिल," मी म्हणालो, "ही तक्रार मीच केली आहे."

"तक्रारदाराची ओळख आम्ही उघड करत नाही, सर."

"उघड मी करतोय. आणि ही तक्रार नाही, प्रश्न आहे. 'इतर'मध्ये टाकला होता."

"'इतर' तक्रारीतच जमा होतं, सर."

"मग मी ती मागे घेतो."

"तक्रार फक्त तक्रारदारच मागे घेऊ शकतो."

"तोच मी."

त्यांनी काळ्या पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळ्यांत कणव होती. "तक्रार निनावी आहे, सर. तुम्ही तेच, हे मी कशावरून धरू? उद्या कोणीही येईल आणि दुसऱ्याची तक्रार मागे घेईल. तुमच्यासारख्या माणसापासूनच तर तक्रारदाराचं रक्षण करायचं असतं. ज्याच्या विरुद्ध तक्रार आहे, तो तुम्ही आहात."

कायद्याच्या दृष्टीने त्यांचं बरोबर होतं. हाच मुद्दा मी चौथ्या धड्यात शिकवतो.

मी घरी गेलो आणि लोरेनला सांगितलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने फ्रिजमधून उरलेला केळ्याचा केक काढला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "खा आता."

तपासणी ठरली. इन्स्पेक्टर ग्रेडी सकाळी दहाला आले, बोलण्यात सभ्य आणि बुटांत पोलिस. एफ्राइन होते. डेल कुंपणापलीकडे खुर्ची टाकून बसले होते. मार्गोबाई रोपांना पाणी घालत होत्या.

ग्रेडींनी भिंत वरून खाली पाहिली. "हे खांब काढा."

"खांब असू दे ना," एफ्राइन म्हणाले. "म्हातारी आहे."

"टेकवलेली भिंत म्हणजे उभी भिंत नव्हे. मूळ भिंत स्वतःच्या पायावर उभी पाहिजे. माझी सही होईपर्यंत उभी राहिली तर माझ्या लेखी उभी."

एफ्राइननी पहिला खांब काढला. दुसरा काढला. तिसरा काढताना त्यांनी छातीवर क्रूस काढला. भिंत उभी राहिली. ग्रेडींनी कागद फळीवर ठेवला, पेन झटकलं, तारीख घातली. मार्गोबाईंच्या नळाचं पाणी थांबलं होतं.

"नाव?"

"रसेल क्वान."

"क्वान कसं लिहिता?"

मी एकेक अक्षर सांगत गेलो. आमचं आडनाव अतिशय लहान आहे, आणि त्याबद्दल आयुष्यात मला प्रथमच बरं वाटत होतं. शेवटच्या अक्षराशी आलो तेव्हा भिंत पडली. पडली म्हणणंही अन्यायाचं आहे; दिवसभर उभ्या असलेल्या माणसाने बाक दिसताच बसावं, तशी ती टोमॅटोंवर सावकाश आडवी झाली. टेलिफोन नंबर वर आला.

ग्रेडींनी हॅट काढली नाही, पण क्षणभर काढतील असं वाटलं. मग त्यांनी एक शब्द खोडला आणि दुसरा लिहिला: "नवीन."

डेल म्हणाले, "आता तरी दावा लाव." मार्गोबाई कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या, "रसेल, मला खरंच वाईट वाटतंय. टोमॅटोंचं." आणि मला वाटतं त्यांना खरंच वाटत होतं.

लोरेनने पोपोंना फोन केला. मी शेजारी उभा होतो. पलीकडचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"आग नाही?"

"नाही, मा."

"बरं. मग मी जिन्यातच. रडू नकोस. आता कठडा धरून चालते."

मी कौन्सिलपुढे बोलायचं ठरवलं. आमच्याकडे कोणीही नागरिक सभेत उठून तीन मिनिटं बोलू शकतो. मी चार रात्री भाषण लिहिलं. त्यात केंद्र आणि गाव यांच्या अधिकारांचा आढावा होता, शेगडी आणि पाइप यांतल्या नात्याचं विवेचन होतं, हवामानाच्या प्रश्नाला पूर्ण आदर होता, आणि शेवटी जिन्यातल्या एका वृद्धेचा उल्लेख होता, जो करताना मी आवाज किंचित खाली आणणार होतो. मार्गोबाई माझ्या एका बाजूला बसल्या, डेल दुसऱ्या. दोघांनीही कागद मागून घेऊन वाचला. मार्गोबाईंनी दोन आकडे दुरुस्त केले. डेल म्हणाले, "लांब आहे रे."

नवव्या विषयावर बोलणाऱ्यांत माझं नाव पहिलं होतं. आठवा विषय पुकारला तेव्हा मी उठून टाय सारखा करत होतो. महापौरबाईंनी वाचलं: शेजारच्या गावाच्या खटल्यातला अंतिम निकाल लक्षात घेता, वकिलांच्या शिफारशीनुसार, नव्या इमारतींतल्या गॅसबंदीचा ठराव रद्द करण्यात यावा. कोणाचा विरोध? कोणाचा नव्हता. मार्गोबाईंनी डोळे मिटले. डेल टाळ्या वाजवणार होते, पण त्यांचं लक्ष मार्गोबाईंकडे गेलं आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले. सगळ्याला चाळीस सेकंद लागले.

"नववा विषय, गॅसबंदीबाबत नागरिकांची निवेदनं," महापौरबाई म्हणाल्या. "मिस्टर क्वान, विषय उरलेला नाही. तरीही तुम्हाला बोलायचं आहे का?"

मी पाठीमागे पाहिलं. शेवटच्या रांगेत माझा वर्ग बसला होता. लोकशाही प्रत्यक्ष पाहायला मीच बोलावला होता.

"नाही," मी म्हणालो. "धन्यवाद."

पुढचं सगळं सरळ झालं. इतकं सरळ की मला त्याचाच संशय येत होता. परमिट मिळालं. चारही भिंती नव्या झाल्या. गॅस कंपनीने रस्ता खणला, वेगळं मीटर बसवलं, आणि वसंतात पोपो कढई, तांदळाचा डबा आणि दोन पिशव्या घेऊन राहायला आल्या. चार बर्नरची शेगडी. पोपोंनी तिच्यावरून हात फिरवला, खाली वाकून पाइप पाहिली, समाधानाने मान हलवली. मग पिशवीतून चंदेरी कागदाची गुंडाळी काढली आणि ती शेगडी कानाकोपऱ्यापर्यंत नीट गुंडाळून टाकली. वर प्लास्टिक घातलं. त्यावर संत्र्यांची ताटली ठेवली.

त्या संध्याकाळी अंगणात तळणीचा आवाज आला. कुंपणाशी, जिथे भिंत आडवी झाली होती तिथे, पोपो स्टुलावर बसल्या होत्या. पुढे किराणा दुकानात मिळते ती छोट्या डब्यावर चालणारी सहलीची शेगडी. निळी आग. वर गोल बुडाची कढई.

"पोपो," मी म्हणालो, "आत गॅस आहे."

"आहे ना."

"मग बाहेर का?"

"आ-सेल, नव्या घरात तेलाचा धूर? भिंती पिवळ्या होतील. शहरातही मी गच्चीवरच तळायचे." त्यांनी मिरची टाकली आणि मी खोकलो. "बघ. आणि हे तू आत करणार होतास."

"मग आत आग कशाला हवी होती?"

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "घराला चूल नको का?"

नंतर लोरेनला विचारलं, तुला हे माहीत होतं का. तिने सांगितलं, सगळ्यांच्याच आया बाहेर तळतात, मला वाटलं तुझीही तळायची. माझी आई शाळेत शिक्षिका होती. आम्ही डबाबंद सूप प्यायचो.

पोपो आता रोज कुंपणाशी तळतात. जिना नाही, पडल्या नाहीत. मार्गोबाई अधूनमधून बशी घेऊन उभ्या असतात.

गेल्या मंगळवारी गॅस कंपनीचा माणूस आला. अंगणातल्या नव्या मीटरबद्दल कंपनीला संशय होता, कोणी काही छेडछाड केली असावी म्हणून. मी पूर्वीचा माणूस असतो तर कोणी कळवलं हे विचारलं असतं. त्याने झाकण उघडलं, नळी लावली, अर्धा तास तपासलं आणि वहीत लिहिलं.

मीटर बरोबर होतं. चार महिन्यांत गॅस वापरलेला नव्हता.